मळा चाखायचा, तर आधी उकाडा आवरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात दहा-पंधरा वर्षे मुरलेल्या इटालियन रेड वाइनच्या बाटल्या आता पूर्वीइतक्या दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. हौशी मंडळी वर्गणी काढून पाच-सहा बाटल्या एका टेबलावर मांडतात, चाखतात आणि अमुक मळा तमुक मळ्यापेक्षा सरस असा निकाल देतात. हौस उत्तमच आहे. पण बहुतेक वेळा तो निकाल मळ्यांचा नसतो. एक बाटली थंड गोदामातून थेट आलेली असते आणि दुसरीने दुकानाच्या काचेआड उभ्या उभ्या दोन मे महिने काढलेले असतात. एक बाटली पाहुणे यायच्या पाच मिनिटे आधी उघडलेली असते, दुसरी दुपारी. मग जिभेला जो फरक लागतो तो इटलीतल्या पिएमाँत भागातल्या मातीचा नसून आपल्या कपाटाचा असतो. चाखणी आणि साठवण हेच आमचे रोजचे काम असल्याने त्याबद्दल थोडे तपशिलात लिहितो.

सुरुवात उष्म्यापासून. लांब मुरवायची वाइन 12 ते 14 अंशांवर, अंधारात, आडवी ठेवावी. गोव्यातली साधी खोली वर्षाचा बराच काळ 28 ते 32 अंशांवर असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. पण उन्हाळ्यातले एक वर्ष म्हणजे तळघरातली तीन वर्षे, असा हिशेब मात्र चुकीचा आहे. उष्णतेत सगळ्या क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. फळाचा ताजा गंध आधी उडतो आणि मुरल्याने येणारी खोली येतच नाही. उरते ती शिजवलेल्या मनुकांसारखी, बोथट गोडसर चव. शिवाय गरम झालेली वाइन फुगून बूच वर ढकलते. रात्री गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटलीही यातून सुटत नाही.

म्हणून बाटली विकत घेताना आधी तिचे डोके पाहावे. बूच काचेच्या कडेच्या वर आलेले आहे का? टोपणाखाली चिकट ओघळ आहे का? बाटली उजेडासमोर धरून वाइनची पातळी बघावी. वीस वर्षांच्या बारोलोत (पिएमाँतमधल्या बारोलो भागाची रेड वाइन) बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा चालते, पाच सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध व्हावे. लेबलावर बुरशीचे ठिपके असतील तर घाबरू नये. आपल्या दमट हवेत ते येणारच, आणि दमटपणा बुचाला उलट मानवतो. स्वच्छ लेबल आणि वर सरकलेले बूच यांपेक्षा डागाळलेले लेबल आणि जागच्या जागी असलेले बूच केव्हाही बरे. आयातदाराच्या चिकटपट्टीवरची आयातीची तारीखही वाचावी. बाटली आपल्या हवेत किती काळ आहे याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो.

घरी वाइनचे कपाट असेल तर ते 13 अंशांवर लावावे. पावसाळ्यात वीज दोन-चार तास गेली म्हणून वाइन बिघडत नाही. भरलेल्या बाटल्या हळूहळू तापतात, दार तेवढे उघडू नये. कपाट नसेल तर साध्या फ्रिजचा खालचा कप्पा वापरावा. काही जाणकार यावर नाक मुरडतील. फ्रिज फार थंड, कोरडा आणि थरथरता असतो हे खरेच. पण काही महिन्यांसाठी 5 अंशांचा फ्रिज 31 अंशांच्या शोकेसपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. थंडीने मुरणे नुसते मंदावते. उष्णतेने जे गेले ते परत येत नाही.

आता बाटल्यांची निवड. आमच्या मते खरी चूक इथेच होते. एक बारोलो, एक ब्रुनेल्लो, एक आमारोने आणि एक कियान्ती अशा वेगवेगळ्या भागांतल्या इटालियन रेड वाइन शेजारी ठेवून मळ्यांची तुलना होत नाही. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची, ब्रुनेल्लो सांजोव्हेसेची, आणि आमारोने तर सुकवलेल्या द्राक्षांची. अशी मांडामांड ओळख करून घ्यायला ठीक आहे, निकाल द्यायला नाही. मळा जिभेवर यायचा असेल तर द्राक्ष एक, पिकाचे साल एक, शक्यतो बनवणारा एक, आणि बदल फक्त जमिनीत हवा.

साल एक असणे किती महत्त्वाचे हे 2014 वरून कळते. त्या वर्षी बारोलो भागाला पावसाने झोडपले, तर आल्बा शहराच्या दुसऱ्या बाजूच्या, नेब्बिओलोच पिकवणाऱ्या बार्बारेस्कोला त्या मानाने पाऊस कमी लागला. 2003 आणि 2017 ही उन्हाची, कोरडी वर्षे, 2013 थंड आणि संथ पिकण्याचे, तर 2010 आणि 2016 दोन्ही बाजूंनी तोलदार. 2010 ची एक आणि 2003 ची एक अशा दोन बाटल्या घेऊन मळ्यांवर बोलणे म्हणजे एका वर्षीचा मानकुराद आंबा दुसऱ्या वर्षीच्या अवकाळी पावसातल्या मानकुरादशी ताडून दोन बागायतदारांचा न्याय करण्यासारखे आहे.

बनवणारा एक हवा, कारण पिंपाचा प्रभाव मातीइतकाच मोठा असतो. जुन्या वळणाचे लोक कित्येक हजार लिटरच्या मोठ्या ओक पिंपांत, ज्यांना तिकडे 'बोत्ती' म्हणतात, वाइन मुरवतात. त्यात लाकडाचा वास जवळपास उतरत नाही. नव्या वळणाच्या 225 लिटरच्या, 'बारीक' नावाच्या फ्रेंच पिंपातून व्हॅनिला आणि भाजल्याचा गंध येतो. द्राक्षांच्या साली रसात किती दिवस भिजल्या यानेही तुरटपणा बदलतो. जुन्या पद्धतीत महिना, कधी त्याहून जास्त, आणि नव्वदच्या दशकातल्या फिरत्या टाक्यांत काही दिवसच. एक बाटली बोत्तीतली आणि दुसरी बारीकमधली असली तर तुम्ही सुताराची तुलना करता आहात, शेतकऱ्याची नाही.

या सगळ्या अटी एका झटक्यात पुऱ्या करणारे एक ठिकाण आहे, आणि मळ्यांची तुलना शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तेच सुचवतो. बार्बारेस्को गावात 1958 साली स्थापन झालेली शेतकऱ्यांची सहकारी संस्था, 'प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को'. चांगल्या वर्षी ही संस्था नऊ मळ्यांच्या वाइन वेगवेगळ्या बाटल्यांत भरते: आझीली, राबाया, पोरा, मोन्तेस्तेफानो, मोन्तेफिको, ओव्हेल्लो, पाये, मुन्कागोता आणि रिओ सोर्दो. द्राक्ष एक, साल एक, तळघर एक, पद्धत एक. उरतो तो फक्त मळा. नऊ परवडत नसतील तर तीन घ्याव्यात: आझीली, राबाया आणि मोन्तेस्तेफानो. आझीली नाजूक बांध्याची आणि सुगंधी, सुकल्या गुलाबाकडे झुकणारी. मोन्तेस्तेफानो आडदांड, तुरट, उशिरा उमलणारी, बारोलोची आठवण करून देणारी. राबाया या दोघींच्या मधली, पण अंगाने भरलेली. हा फरक एकदा ओळखता आला की पुढे बारोलोकडे वळावे.

बारोलो भागात अकरा गावे आहेत आणि 2010 च्या पिकापासून नकाशावर आखलेली मळ्यांची नावे लेबलावर अधिकृतपणे येऊ लागली. बार्बारेस्कोत हे 2007 पासूनच होते. ढोबळमानाने पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांत निळसर करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीचे प्रमाण जास्त. तिथली वाइन लवकर खुलते, गंधाने जास्त बोलते. ब्रुनाते, चेरेक्विओ, रोक्के देल्लान्नुन्त्सिआता हे मळे तिकडचे. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते या गावांत वालुकाश्माचे थर मिसळतात आणि वाइनचा सांगाडा कणखर होतो. सेर्रालुंगाच्या व्हिन्या रिओन्दा मळ्याची चांगल्या सालाची बाटली पंधरा वर्षांनीही हिरड्यांना घट्ट धरते. ते वैगुण्य मानू नये, ती तिची चाल आहे. एक सावधगिरी मात्र हवी. मळ्याचे नाव म्हणजे हद्द, दर्जाची हमी नव्हे. मोन्फोर्तेतला बुस्सिया हा मळा इतका विस्तीर्ण आहे की त्याच्या दोन टोकांच्या वाइन एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत. आणि मळा वेगळा ठेवायची ही चाल तिथेही फार जुनी नाही. अनेक मळ्यांची द्राक्षे एकत्र करून तोल साधणे हीच तिथली मूळ रीत. प्रुनोत्तो या उत्पादकाने बुस्सियाची आणि व्हिएत्ती या उत्पादकाने रोक्के दी कास्तिल्योने या मळ्याची वेगळी बाटली भरली ती 1961 च्या पिकाची. म्हणून मिश्र मळ्यांची बारोलो कमी प्रतीची असते असे समजू नये.

सांजोव्हेसेच्या बाबतीत तोस्काना भागातली मोन्ताल्चिनोची टेकडी, ब्रुनेल्लोचे घर, पुरे. उत्तरेचा उंच, थंड उतार आणि दक्षिणेचा सान्तान्जेलो किंवा कास्तेल्नुओव्हो देल्लाबाते बाजूचा उबदार उतार, एकाच सालच्या दोन ब्रुनेल्लो. उत्तरेची आंबूस, सडपातळ. दक्षिणेची पिकल्या फळाची, रुंद. फरक इतका स्वच्छ की नवख्यालाही लागतो. बाजारात येण्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात हेही ध्यानात ठेवावे. 2016 ची साधी बारोलो जानेवारी 2020 पासून विकता आली, रिझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली, 2022 पासून, ब्रुनेल्लो 2021 पासून. साधी आणि रिझेर्व्हा समोरासमोर ठेवली तर पिंपातल्या आणि बाटलीतल्या वेळेचा फरक मळ्यावर चढतो.

तयारीकडे येतो. बाटली घरी आणल्यावर निदान दोन आठवडे आडवी, न हलवता ठेवावी. खड्ड्यांतून आलेल्या बाटलीत साका ढवळलेला असतो. चाखणीच्या दोन दिवस आधी ती थंड जागीच उभी करावी, म्हणजे साका तळाशी बसतो. हा साका म्हणजे टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड झाली आणि खाली बसली. अपायकारक नाही, पण घोटात आला तर कडू आणि रवाळ लागतो आणि चांगल्या वाइनचा निकाल फिरवतो.

बूच काढताना घाई नको. पंधरा वर्षांपुढचे बूच स्क्रूने मधोमध तुटते, कारण त्याचा खालचा भाग भिजून मऊ झालेला असतो. दोन पात्यांचा बूचकाढा बुचाच्या दोन्ही कडांनी डोलवत डोलवत खाली घालावा आणि फिरवत वर ओढावा. लगेच 20 मिलिलिटर ओतून वास घ्यावा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास आला तर बुचातल्या ट्रायक्लोरोअनिसोलचा दोष आहे. हवा दिल्याने तो जात नाही, उलट स्पष्ट होतो. ती बाटली बाजूला करून राखीव बाटली उघडावी, आणि अशी बाटली मळ्याच्या खात्यावर मांडू नये.

दहा ते पंधरा वर्षांची बारोलो दोन-तीन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, काढावी. पंचवीस वर्षांपुढची कधीच इतक्या आधी नाही. तिला उघडून, मान रिकामी होईल इतकी ओतून, थंड जागी उभी ठेवणे पुरे, कारण जोराने हवा लागली की तिचा उरलासुरला गंध अर्ध्या तासात ओसरतो. निथळताना बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवून एका दमात, न थांबता ओतावे आणि साक्याची काळी रेघ खांद्याशी आली की थांबावे. तळाचे चाळीस-पन्नास मिलिलिटर सोडून द्यावे. कॉफीच्या कागदातून गाळू नये, कागदाचा वास उतरतो. कुठलीही पद्धत निवडा, पण एका बैठकीतल्या सर्व बाटल्यांना तीच आणि तेवढाच वेळ द्या.

पेल्यात वाइन 16 ते 18 अंशांवर हवी. 'रूम टेम्परेचर' हा शब्द युरोपातल्या जाड दगडी भिंतींच्या घरांचा आहे, आपल्या पडवीचा नाही. थंड वाइनमध्ये तुरटपणा टोचतो, गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात शिरते आणि बाकी सगळे झाकते. स्वयंपाकघरात चालणारा सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि ओतण्यापूर्वी प्रत्येक बाटली मोजावी. दोन बाटल्यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक असला तर थांबावे. बाटली गरम असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत ठेवून दर पाच मिनिटांनी मोजावे. एसी 22-23 अंशांवर लावला तरी पेल्यातली वाइन भराभर तापते. म्हणून 15 अंशांवर ओतावी आणि एकावेळी थोडीच ओतावी.

माप असे: 750 मिलिलिटरमधून परीक्षेचे 20 आणि साक्याचे 50 वजा केले तर 680 उरतात. माणशी 50 धरले तर तेरा जण. बारा जणांपेक्षा जास्त बोलावू नये. पाच वाइन म्हणजे माणशी 250 मिलिलिटर, 14 टक्क्यांच्या हिशेबाने 35 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. थुंकायला भांडी ठेवावीत आणि ती वापरावीत. रात्री कोणी स्वतः गाडी हाकत घरी जाऊ नये.

पेले ही गोव्यातली छुपी अडचण. बंद कपाटात ते कुबट होतात, डांबरगोळ्यांचा वास धरतात, साबणाचा थर राहतो. आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्याने धुऊन वाऱ्यावर वाळवावेत, फडक्याने पुसू नयेत. ओतण्याआधी त्याच वाइनचे दोन थेंब पेल्यात फिरवून टाकावेत. इटलीत ही रीतच आहे. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, मोगऱ्याचा गजरा यांना सुट्टी द्यावी. आधी हुर्राकचा किंवा फेणीचा एक घोटही नको, काजूचा तो दणकट गंध नाकातून तासभर हटत नाही.

बाटल्या कागदी पिशव्यांत घालून अंक द्यावेत, आणि अंक देणारा ओतणारा नसावा. अर्ध्या लोकांना उलट क्रमाने द्यावे, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते आणि घोटागणिक तोंड अधिक कोरडे पडते. शेवटची वाइन विनाकारण कडक ठरते. दोन वाइनमध्ये पाणी, पोदेराकडचा साधा उंडो (पाव), आणि दोन मिनिटे गप्प. एका वाइनचे दोन पेले वेगळ्या अंकांनी फिरवावेत. एखाद्याने त्या दोघींना पाच-सहा गुणांच्या फरकाने मोजले तर त्याच्या बाकीच्या गुणांना किती वजन द्यायचे हे आपोआप कळते. त्याहून चोख म्हणजे त्रिकोणी परीक्षा: तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. दहा जणांत तीन-चार जण तर नुसत्या अंदाजाने बरोबर येतील. सात किंवा जास्त आले तरच त्या दोन मळ्यांत जिभेला कळणारा फरक आहे असे म्हणावे.

आधी सगळ्यांनी न बोलता लिहावे. अर्ध्या तासाने, तासाने आणि दोन तासांनी पुन्हा त्याच पेल्याकडे यावे. पहिल्या घोटाला मुकी वाटलेली सेर्रालुंगाची वाइन दोन तासांनी सगळ्यांच्या पुढे गेलेली असू शकते. रंगावरून दोष काढू नये. नेब्बिओलो मुळातच फिकी, आणि आठ-दहा वर्षांत कडेला विटकरी होते. तो तिचा धर्म आहे. शिजलेली वाइन वासाने ओळखावी, रंगाने नाही. शब्दांसाठीही परदेशी फळांची यादी पाठ करायची गरज नाही. सुके गुलाब, आमसूल, ज्येष्ठमध, डांबर, तंबाखूचे पान, पहिल्या पावसानंतरची पालापाचोळ्याची माती, एवढ्यात जुन्या बारोलोचे अर्धे वर्णन होते.

जेवण नंतर. मिरचीची आग टॅनिनला आणखी तिखट करते आणि माशाबरोबर तर रेड वाइनमधले लोह हिवसाण वास उठवते. म्हणून चाखणी संपल्यावर कमी तिखटाचे मटण, डाळ, भात.

संपादक महोदय, एक विनंती. चाखणीचे निकाल छापण्यासाठी आले तर पाच गोष्टी सोबत मागाव्यात: पिकाचे साल, आयातीची तारीख, बाटली इथे कशी ठेवली, उघडून किती वेळ झाला होता, आणि ओततानाचे तापमान. एका ओळीत मावतात. त्या नसतील तर 'अमुक मळा श्रेष्ठ' हे शीर्षक देऊ नये. 'या बाटल्यांपैकी ही आवडली' असे लिहावे.

आपले,
वाइन परीक्षण आणि साठवणीच्या कामातील वाचक,
पणजी, गोवा